बार्टलेट नाशपाती: ओळखायची कशी, घ्यायची कशी आणि आपल्या दमट हवेत पिकवायची कशी

श्रावण लागला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपासच्या हातगाड्यांवर आणि वाशी-नेरूळच्या फळवाल्यांकडे हिरव्या-पिवळ्या नाशपातीचे ढीग दिसायला लागतात. उपवासाला चालते, गणपतीच्या पाच फळांत बसते, म्हणून ती घरोघरी येते. तक्रारही घरोघरी एकच. आणली तेव्हा दगड, दुसऱ्या दिवशी दगड, आणि चौथ्या दिवशी कापली तर आत तपकिरी लगदा. मग ‘या फळाला चवच नाही’ असा निकाल लागतो आणि पुढच्या वर्षी पूजेपुरतं एक फळ आणलं जातं.

ज्या जातीची ही तक्रार सर्वांत जास्त होते, ती बार्टलेट. कित्येक पिढ्या ती युरोप-अमेरिकेत नाशपातीचा मानदंड मानली गेली आहे. डबाबंद नाशपाती म्हणजे बहुतेक वेळा हीच, आणि फ्रान्स-स्वित्झर्लंडकडे जी प्रसिद्ध नाशपाती ब्रँडी काढतात तीही हिचीच. म्हणजे चव आहे. मात्र ही नाशपाती झाडावर नीट पिकत नाही. पिकवण्याचं शेवटचं काम विकत घेणाऱ्याच्या घरात होतं, आणि ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ते करायला फार थोडी सवड मिळते. ती सवड कशी ताणायची, एवढाच या लेखाचा विषय.

आधी बूड बघा

बाजारात ‘नाशपाती’ या एका नावाखाली दोन वेगळी घराणी विकली जातात आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पहिलं आशियाई घराणं, शास्त्रीय नाव पायरस पायरिफोलिया. पंजाबातली पत्थरनाख यातलीच. आपल्याकडचे उत्तर भारतीय फळवाले नुसतं ‘नाख’ म्हणतात. फळ गोलसर, सालीवर ठिपके ठळक, गर कुरकुरीत आणि पाणीदार, दाताखाली थोडा रवाळ. हे फळ कडकच खायचं. आणलं, धुतलं, कापलं, खाल्लं. ते मऊ व्हायची वाट बघत बसलात तर फुकट जाईल.

दुसरं युरोपीय घराणं, पायरस कम्युनिस. बार्टलेट, पॅकहॅम, आंजू, कॉन्फरन्स, फोरेल या सगळ्या यातल्या. या झाडावरून उतरवताना कडक असतात आणि खायच्या मऊ झाल्यावर. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातून येणारा मऊ होणारा माल ‘बाबूगोशा’ म्हणून विकला जातो. हे नाव बाजारात फार सैल वापरतात. त्यात बार्टलेट असते, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतरही असतात, आणि घाईत असलेला फळवाला नाखलाही बाबूगोशा म्हणून मोकळा होतो. त्यामुळे नावावर जाऊ नका, फळ उलटं करा.

देठाच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे बुडाशी, एक खळगा असतो. युरोपीय नाशपातीत त्या खळग्यात फुलाच्या हिरव्या दलांचा वाळलेला, पाच टोकांचा तुरा तसाच चिकटलेला दिसतो. आशियाई नाशपातीत तो सहसा गळून गेलेला असतो आणि खळगा स्वच्छ, फार तर एक गोल व्रण. शिवाय युरोपीय फळाला मान असते, नाखला ती जवळजवळ नसते. तुरा आणि मान दोन्ही असतील, तर हे फळ थांबून खायचं आहे.

बार्टलेट हातात घेतल्यावर

आता तुरेवाल्यांमधून बार्टलेट कशी निवडायची ते बघू.

फळ मध्यम ते मोठं. खाली रुंद, वर निमुळतं, पण मान लांब आणि बारीक नाही. घंटेचा आकार म्हणता येईल. पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत नसतो. बोटं फिरवली की हलके उंचवटे लागतात, विशेषतः देठाकडे. देठ आखूड, जाडसर, बुडख्याशी थोडा मांसल, आणि बऱ्याचदा सरळ न उभा राहता एका बाजूला कललेला. देठाच्या मुळाशी किंवा तुऱ्याभोवती कधीकधी तपकिरी खरखरीत पट्टा असतो. तो डाग नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. त्यावरून फळ नाकारू नका.

साल पातळ. कडक असताना हिरवी, त्यावर बारीक ठिपके. पिकताना हिरवा रंग फिका होत पिवळा होतो, आणि उन्हाकडच्या बाजूला काही फळांवर पुसटशी लाली येते. रंग बदलणं ही बार्टलेटची सर्वांत उपयोगी खूण, कारण सगळ्या नाशपाती रंग बदलत नाहीत. आंजू पिकली तरी हिरवीच राहते. लाल बार्टलेट मात्र वेगळी: १९३८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हिरव्या बार्टलेटच्या झाडावर एक फांदी लाल फळं देताना सापडली, तिथून लाल फळांची शाखा पुढे वाढली. तिचा गडद लाल रंग पिकताना उजळतो, पण हिरवीइतका स्पष्ट इशारा देत नाही.

गर पांढरा, बारीक पोताचा. नीट पिकली की दात लावावा लागत नाही, जीभ आणि टाळू पुरतात, आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. गोडीबरोबर थोडा आंबटपणा असतो आणि एक दाट, कस्तुरीकडे झुकणारा वास. हा वास मुख्यतः एथिल डेकाडायनोएट नावाच्या एस्टरचा, म्हणजे एका सुगंधी संयुगाचा. फळ कच्चं असताना तो नसतोच, त्यामुळे कडक बार्टलेट कापून खाणारा माणूस त्या फळाची निम्मी ओळखही करून घेत नाही.

गाभ्याभोवती थोडी रेव लागते. त्या दगडपेशी, लिग्निनमुळे (लाकडाला टणक करणारा पदार्थ) टणक झालेल्या पेशींचे पुंजके. नाशपातीच्या सगळ्याच जातींत त्या असतात, चांगल्या काढलेल्या बार्टलेटमध्ये कमी. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की रेव वाढते, आणि गाभा बाहेरच्या गराआधीच पिकून तपकिरी पडतो. म्हणूनच बागायतदार ही नाशपाती कडक असतानाच उतरवतात. पारंपरिक पद्धत सोपी आहे. लटकतं फळ हातात धरून आडवं उचलायचं. देठ फांदीपासून सहज सुटला तर फळ तयार, ओढावं लागलं तर अजून थांबायचं. मोठ्या बागांत दाबमापक वापरतात: उतरवताना साधारण १७ ते १९ पाउंड दाब लागतो, खाण्याजोगं झालं की २ ते ४.

एकच फळ, दोन नावं

ही माहिती खोक्यावरचं लेबल वाचायला लागते, म्हणून थोडक्यात.

अठराव्या शतकात, १७७० च्या आसपास, इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्यात आल्डरमास्टन गावी स्टेअर नावाच्या शाळामास्तरांच्या बागेत हे झाड उगवलं. पुढे लंडनजवळच्या टर्नहॅम ग्रीनच्या विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने त्याची कलमं पसरवली आणि फळाला त्याचं नाव लागलं: विल्यम्स बॉन क्रेतियाँ. अठराव्या शतकाच्या अखेरीस काही झाडं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये गेली, पण तिथे मूळ नाव हरवलं. ती बाग नंतर इनॉक बार्टलेट यांच्याकडे आली, त्यांनी आपल्याच नावाने फळ प्रसिद्ध केलं. १८२८ मध्ये युरोपातून नवी झाडं मागवल्यावर कळलं की बार्टलेट म्हणजे विल्यम्सच. तोवर अमेरिकेत नाव रुळलं होतं.

म्हणून आजही अमेरिकेच्या खोक्यावर ‘बार्टलेट’ असतं आणि दक्षिण आफ्रिकेच्या खोक्यावर ‘विल्यम्स’ किंवा ‘बॉन क्रेतियाँ’. एका गाळ्यावर दोन नावं, दोन भाव दिसले तर वेगळी जात समजून जास्त पैसे मोजू नका. भाव वेगळा असायला ताजेपणा, आकार, वाहतूक ही कारणं असू शकतात, जात हे कारण नाही.

आणखी एक. जगातलं बार्टलेटचं प्रत्येक झाड हे त्या आल्डरमास्टनच्या झाडापासून कलमाकलमाने आलेलं आहे. आपल्या हापूसचंही तेच. कोय लावून हापूस मिळत नाही तसं बी लावून बार्टलेट मिळत नाही. बियांतून येते ती रायवळ.

कुठल्या महिन्यात कुठली

जुलै ते सप्टेंबर हा आपल्या देशातल्या मालाचा हंगाम: हिमाचल, काश्मीर, उत्तराखंड. फळ ताजं असतं, पण वाटेत त्याला थंडावा मिळालेला असेलच असं नाही. सप्टेंबरनंतर उत्तर गोलार्धातला आयात माल येऊ लागतो. दक्षिण आफ्रिकेत विल्यम्सची तोड जानेवारी-फेब्रुवारीत होते, त्यामुळे तिकडचा माल आपल्याकडे उन्हाळ्यात दिसतो. त्याच सुमाराला पॅकहॅमही असते. पॅकहॅम ही १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात विल्यम्सच्याच संकरातून तयार झालेली, आणखी ओबडधोबड दिसणारी, पिकल्यावरही हिरवट राहणारी आणि जास्त टिकणारी नाशपाती. एप्रिल-मेमध्ये निवड करायची झाली तर मी पॅकहॅम घेईन. विल्यम्स उन्हाळ्यात फार लवकर हाताबाहेर जाते.

खरेदी

दोन रस्ते आहेत. वाशीच्या एपीएमसी फळ बाजारात सकाळी लवकर जाऊन पेटी उचलायची, किंवा नाक्यावरच्या गाडीवरून किलो-अर्धा किलो घ्यायची.

पेटी घ्यायची तर सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्या. अख्खी पेटी एका घराला झेपत नाही, कारण सगळी फळं एकदमच तयार होतात. दक्षिण आफ्रिकेचं नाशपातीचं खोकं सहसा साडेबारा किलोचं असतं आणि त्यावर एक आकडा छापलेला असतो, ६०, ७०, ८० असा. तो नगांचा. ८० असेल तर एक फळ सुमारे १५५ ग्रॅमचं, ६० असेल तर दोनशेच्या थोडं वर. आकडा जितका मोठा तितकं फळ लहान. मुलांच्या डब्यासाठी ८० चांगलं. फळावर आयातीचं स्टिकर असेल तर त्यावरचा ४४०९ हा क्रमांक मोठ्या बार्टलेटचा आणि ४४१६ मोठ्या आंजूचा. फळवाला दोन्हींना ‘ग्रीन पेअर’ म्हणेल, पण स्टिकर वाचलं की घरी गेल्यावर रंग बदलायची वाट बघायची की नाही ते कळतं.

काश्मीर-हिमाचलच्या पेटीत वरचा थर बघून समाधान मानू नका. गाळ्यावर ओळख नसली तरी ‘खालचा थर दाखवा’ म्हणायला हरकत नाही. नाही म्हणाले तर पुढचा गाळा आहे. खालच्या थरातलं फळ दाबलं गेलेलं असतं आणि पावसाळ्यात तिथूनच बुरशी वर येते.

फळ निवडताना मी या क्रमाने बघते. देठ जागेवर हवा आणि टवटवीत हवा. देठ काळा पडून सुकलेला असेल तर फळ शीतगृहात फार दिवस होतं. असं फळ कधीकधी पिवळं होतं पण मऊ होत नाही, किंवा मऊ झालं तरी वास येत नाही. मग साल: देठाजवळ सुरकुत्या नकोत. मग मार. पातळ सालीमुळे बार्टलेटला मार फार पटकन लागतो, आणि कडक असताना तो दिसत नाही. दोन दिवसांनी तिथे नाण्याएवढा तपकिरी खड्डा पडतो. म्हणून ढिगाच्या खालची फळं ओढून काढू नका आणि गाडीवाल्याला पिशवीत फळं टाकू देऊ नका, ठेवायला सांगा.

कडक आणि हिरवी घ्या. हे ऐकायला उलटं वाटेल, पण गाडीवर उघड्यावर, दिवसभर लोकांच्या अंगठ्यांखाली पिकलेली पिवळी बार्टलेट स्वस्त मिळाली तरी घेण्यात अर्थ नाही. ‘ताई, एकदम शहद है’ म्हणून हातावर ठेवलेली फोड गोड लागते, आणि पिशवीतली बाकीची आठ संध्याकाळपर्यंत बसतात. अपवाद एकच: आज संध्याकाळीच खायची असेल तर दोन पिवळी घ्या, बाकी हिरवी.

पिकवणं: आधी थंडावा

आता मुख्य काम. बार्टलेट केळ्यासारखीच काढल्यानंतर स्वतः इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, सोडून पिकते. पण केळ्यात आणि तिच्यात एक मोठा फरक आहे: तिला आधी थंडी लागते. उतरवल्यानंतर काही काळ थंड राहिली की तिची इथिलीन तयार करण्याची यंत्रणा नीट सुरू होते आणि फळ सगळीकडून सारखं पिकतं. बार्टलेटला ही गरज थोडी असते. आंजूला खूप जास्त, शीतगृहात दोन महिन्यांच्या आसपास. थंडी न मिळालेली बार्टलेट पिकतेच, पण रेंगाळत आणि वाकडी: एक गाल मऊ, दुसरा कडक.

आयात फळ थंड डब्यातूनच आलेलं असतं, त्याला हे लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आलेला देशी, हिरवागार, ठणठणीत कडक माल मात्र घरी आल्यावर लगेच बाहेर ठेवू नका. न धुता, कोरड्या फडक्याने पुसून, कागदी पिशवीत घालून आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवा. भाजीच्या खणात नको, वरच्या फळीवर मागच्या बाजूला, जिथे जास्त गार असतं. भाजीच्या खणात ठेवली तर तिच्या इथिलीनने कोथिंबीर आणि मेथी पिवळी पडते, आणि चिरून ठेवलेल्या कांद्याचा वास तिला लागतो.

मग ऊब, पण बेताची

नाशपाती पिकायला उत्तम तापमान १८ ते २२ अंश. आपल्याकडे ते नाहीच. ऑगस्टमध्ये ठाण्यात दिवसा तीसच्या आसपास आणि हवा ओलीकिच्च, एप्रिल-मेमध्ये पस्तीसच्याही वर. तीसच्या पुढे बार्टलेटची पिकण्याची क्रियाच बिघडते: गर नीट मऊ होत नाही, वास धरत नाही, आणि गाभा मात्र आतून सडायला लागतो. चौथ्या दिवशीच्या तपकिरी लगद्याचं मूळ हेच.

म्हणून तीन गोष्टी पाळा.

जागा. ओट्यावर, खिडकीत किंवा फ्रीजच्या डोक्यावर नको; तिथे ऊब साठते. घरातली सर्वांत गार, काळोखी जागा शोधा: पलंगाखालची फरशी, आतल्या खोलीतलं खालचं कपाट. रात्री एसी लागत असेल तर ट्रे सरळ बेडरूममध्ये न्या. घरच्यांनी हसावं, पण उन्हाळ्यात विल्यम्स पिकवायचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

मांडणी. ट्रेमध्ये कोरडा कागद, त्यावर फळं एका थरात, एकमेकांना न टेकता, बुडावर उभी. आंबे घालतो तशी अढी घालू नका. पेंढ्यात ऊब कोंडते, आंब्याला ती हवी असते, हिला नको. तांदळाच्या डब्यात पुरणंही नको, मार बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नाही: आत घाम धरतो आणि देठापासून बुरशी सुरू होते.

घाई नको. कागदी पिशवीत केळं घालून बंद करायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती चालते, कारण केळ्याचं इथिलीन आत कोंडतं. पण ऑगस्टच्या हवेत बार्टलेटला ढकलण्याची गरजच नसते. ही युक्ती आंजूसारख्या हट्टी फळासाठी किंवा जानेवारीसाठी राखून ठेवा.

सगळी फळं एकदम बाहेर काढू नका. रोजची दोन लागत असतील तर दोन-तीन बाहेर, बाकी फ्रीजमध्ये, आणि दर दिवसाआड पुढची दोन. फ्रीजमधून आलेली बार्टलेट आपल्याकडे साधारण दोन ते चार दिवसांत तयार होते, एसीच्या खोलीत एखादा दिवस जास्त.

मान दाबून बघणं

बार्टलेट आतून बाहेर पिकते, त्यामुळे पोट मऊ लागेपर्यंत गाभ्याचा कारभार आटोपलेला असतो. तपासायची जागा मान. फळ डाव्या तळहातावर ठेवा, उजव्या अंगठ्याने देठाच्या अगदी खाली, एक बोट अंतरावर, हलका दाब द्या. टोक नव्हे, अंगठ्याचा सपाट भाग. आदल्या दिवशी तिथे काहीच हललं नव्हतं आणि आज साल किंचित आत जाऊन परत येते, तर फळ तयार आहे. अंगठा उठवल्यावर खळी तशीच राहिली तर आजच खा. पोट दाबून बघायची सवय मोडा. त्यातून मार लागतो आणि कळत काहीच नाही.

रंगही बघा, पण मानेनंतर. हिरव्यातला गडदपणा जाऊन फिका पोपटी-पिवळा आला आणि मान हलली, ही उत्तम वेळ. पूर्ण पिवळी झाली आणि वास खोलीत येऊ लागला की अर्ध्या दिवसाच्या आत संपवायची.

मान हललेली फळं लगेच फ्रीजमध्ये टाकली तर आणखी दोन-तीन दिवस थांबतात. फ्रीजची ही दुसरी फेरी लोक विसरतात.

पूजेचं ताट

गणपतीसाठी वेगळा हिशोब. पाच फळांत ठेवलेली नाशपाती दिव्यांच्या, समयांच्या उबेत आणि माणसांच्या गर्दीत दीड दिवस ते पाच दिवस राहते. तिथे पिवळी ठेवली तर विसर्जनापर्यंत ताटाखाली रस जमतो आणि मुंग्या लागतात. दीड दिवसाच्या घरी फ्रीजमधून त्याच सकाळी काढलेली, कडक हिरवी बार्टलेट ठेवा. उत्तरपूजेनंतर ती खाण्याजोगी होत आलेली असते. पाच दिवसांच्या गणपतीला नाख ठेवा, ती कुरकुरीतच राहते. डागी फळ फळवाल्याने ‘पाच फळांचा वाटा’ म्हणून पाकिटात आधीच बांधून ठेवलं असेल तर वाटा न घेता सुटी फळं निवडून घ्या.

कापणं आणि खाणं

फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा. गार फळाला वास येत नाही. धुऊन उभी चिरा. गाभा चमच्याने गोल खरवडून काढा म्हणजे रेवही त्याच्याबरोबर जाते, आणि देठापासून गाभ्यापर्यंतची दोरीसारखी शीर सुरीच्या टोकाने काढा. साल ठेवा, बार्टलेटची पातळ असते आणि तंतू तिथे जास्त. मध्यम फळातून, म्हणजे १८० ग्रॅमच्या आसपास, साधारण १०० कॅलरी आणि साडेपाच ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात.

कापलेली फोड काळी पडते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. डब्यात द्यायची असेल तर लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढून निथळवा. उपवास असेल तर सैंधव आणि लिंबू, नसेल तर जिऱ्याची पूड. चाट मसाला नाखवर बरा, बार्टलेटचा वास त्यात मरतो.

एक सावधगिरी. नाशपातीत सॉर्बिटॉल नावाची साखर बरीच असते आणि ती पचायला जड. बद्धकोष्ठ असलेल्यांना त्याचा फायदा, पण ज्यांना गॅस किंवा पोट बिघडण्याचा त्रास आहे त्यांनी उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी दोन-दोन खाऊ नयेत.

गच्चीत लावावी का

रोपवाटिकांत ‘नाशपाती कलम’ मिळतं. ठाणे-नवी मुंबईत बार्टलेट फळणार नाही. तिला हिवाळ्यात ७ अंशांखालचे काही शे तास लागतात, साधारण आठशेच्या घरात, तेव्हा कुठे कळ्या फुटतात. आपल्या शहरांत थंडीच्या लाटेतही पारा तिथवर उतरत नाही. शिवाय तिला परागणासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं. ते पैसे पेटीला लावा.

बिघडलेल्या फळांचं काय

कडकच राहिलेली, किंवा एक गाल कडक एक मऊ अशी फळं शिजवून उत्तम होतात. सोलून, चार फोडी करून, गाभा काढून, फोडी बुडतील इतक्या पाण्यात चार-पाच चमचे साखर, दोन वेलदोडे आणि लिंबाची साल घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. सुरीचं टोक सहज आत गेलं की उतरवा. बार्टलेट शिजल्यावरही आकार बऱ्यापैकी धरते, म्हणून ती डबाबंद करायलाही चालते. उरलेलं पाणी आटवून पाक करा आणि वरून घाला.

कडक नाखची कोशिंबीर करा: बारीक चौकोनी फोडी, दही, दाण्याचं कूट, मीठ-साखर, वरून तूप-जिऱ्याची फोडणी आणि हिरवी मिरची. उपवासालाही चालते.

जास्त पिकलेल्या बार्टलेटचा गाभा तपकिरी झाला असेल आणि बाहेरचा गर अजून पांढरा असेल, तर गाभ्याभोवतीचा भाग सढळ हाताने काढून टाका. आंबूस वास येत असेल तर अख्खं फळ टाकून द्या. चांगला उरलेला गर चमच्याने मोडून, प्रसादाच्या शिऱ्यात केळ्याच्या जागी घाला. रवा तुपावर भाजून झाला, दूध-पाणी आटत आलं की गर घालायचा, आधी नाही. तिला केळ्यापेक्षा पाणी जास्त सुटतं, म्हणून दूध नेहमीपेक्षा पाव वाटी कमी घ्या.